अकरा नंबरचं ताट

या अंकाचे संपादक आमच्याच तालुक्यातले. फोनवर म्हणाले, "सिस्टर, दवाखान्यातले चार गमतीदार प्रसंग लिहून द्या. दिवाळी आहे, लोकांना जरा हसू येऊ द्या." मी हो म्हणून बसले. मग आठ दिवस रोज वही उघडली आणि रोज एकच प्रसंग समोर आला. तो गमतीचा नाही आणि त्यात चूक माझी आहे. तोच लिहून पाठवते आहे. छापायचा की नाही ते संपादकांनी ठरवावं. माणसांची नावं अर्थातच बदलली आहेत.

मी पाथर्डी तालुक्यातली. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेशाच्या फॉर्मवर 'पालकांचे शिक्षण' असा रकाना असतो, तिथे काय लिहावं ते मला अजून कळत नाही. दरवेळी छोटी रेघ ओढते. बारावीनंतर नर्सिंगचा डिप्लोमा केला, नगरमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात तीन वर्षं नोकरी केली आणि आता इथेच नर्सिंगची पदवी करते आहे. सावेडीत चौघींनी मिळून एक खोली घेतली आहे. वर्गात मॅडम दुर्बल घटकांच्या शुश्रूषेचा धडा शिकवतात तेव्हा मी मान खाली घालून वहीत लिहीत राहते. त्या धड्यातल्या यादीत माझं घर येतं, हे एक कारण. दुसरं कारण गयाबाई.

आधी आमचं काम थोडं सांगते. लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन. इंजेक्शनला अर्धं मिनिट लागतं. बाकी सगळा वेळ बघण्यात आणि लिहिण्यात जातो. डॉक्टर दिवसातून दोनदा राउंडला येतात, एकेका खाटेपाशी दोन-तीन मिनिटं थांबतात. उरलेल्या वेळात पेशंटचं काय झालं, ते त्यांना आमच्या चार्टवरून कळतं. ताप किती, लघवी झाली का, झोप लागली का, जेवण गेलं का. त्यावर ते पुढचं औषध ठरवतात. आम्ही जे लिहू ते खरं धरलं जातं. शिकताना हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

मी बायकांच्या वॉर्डात होते. वीस खाटा. इनचार्ज होत्या भिंगारदिवे सिस्टर. तीस वर्षांची नोकरी, बोलणं तिखट, पण शीर शोधावी तर त्यांनीच. त्या वॉर्डात कोण यायचं नाही! सावेडीच्या बंगल्यातल्या बाई यायच्या, राळेगणहून दुधाची किटली घेऊन आलेली आजी यायची, आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या बायकाही यायच्या. त्यातली एक खाटेवर झोपायचीच नाही. वर ठेवली की थोड्या वेळाने खाटेखाली सापडायची. मी चार वेळा तिला हाताला धरून वर बसवलं. पाचव्या वेळी भिंगारदिवे सिस्टर म्हणाल्या, "पालवे, ती खाटेसाठी आहे का खाट तिच्यासाठी?" आणि त्यांनी गादीच उचलून खाली टाकली. मग मी जमिनीवर मांडी घालून तिचं ब्लडप्रेशर घ्यायला लागले. मला त्याचा फार अभिमान वाटला. मला वाटलं, वेगळ्या माणसाला कसं सांभाळायचं ते आपल्याला आलं.

गयाबाई मात्र मला वेगळ्या वाटल्याच नाहीत. तिथेच सगळं चुकलं.

एका सोमवारी त्या दाखल झाल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. काष्टीकडच्या फडात ऊस तोडताना कोयता निसटून पायाच्या बोटावर बसला होता. महिना झाला तरी जखम भरेना, बोट काळं पडायला लागलं, तेव्हा रक्त तपासलं आणि साखर कळली. तोवर त्यांना साखरेचा आजार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी इन्सुलिन देऊन साखर खाली आणायची, मग बोट काढायचं. उशीर झाला तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. त्या जोडीलाच आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. एकाचा पाय गेला की जोडीच मोडली.

भिंगारदिवे सिस्टर मला म्हणाल्या, "अकरा नंबर तुम्ही बघा. तुमच्याच भागातली आहे, बोलणं जमेल."

आणि जमलंही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुन्या गावची गं तू?"

"पाथर्डीकडची."

"म्हंजी आपलीच की! माय-बाप कोयत्यावर जात्यात का?"

शेजारच्या खाटेवर कुलकर्णी बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी हळूच हो म्हटलं. गयाबाई मोठ्याने हसल्या. "मंग तुला काय सांगायचं! तुला समदं ठावं."

मलाही तसंच वाटलं. बाकीच्या पेशंटना मी दहा प्रश्न विचारायचे, त्यांना दोन. बाकीची उत्तरं मला माहीतच होती ना!

त्यांचे मालक आसारामकाका दिवसभर व्हरांड्यात बसून असायचे. उंच, वाळलेले, मिस्कील. बायकांच्या जेवणाच्या वेळी पुरुष नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढायचा नियम होता. ताटं येईपर्यंत ते खिडकीच्या गजाशी उभे राहून बायकोची चेष्टा करायचे, मग नळाकडे निघून जायचे. "बग, राणीवानी झोपून खाती! घरी गेल्यावर मलाच चूल पेटवाया लावनार ही." त्या पदर तोंडावर घेऊन म्हणायच्या, "पेटवा की मंग. तेवढीच झळ लागंल." सगळा वॉर्ड ऐकायचा.

आता ताटाचं सांगते. दुपारी बारा वाजता मी साखरेच्या पेशंटना इन्सुलिन द्यायची. साडेबाराला स्वयंपाकघरातली ढकलगाडी यायची, खाटेवर माणशी एक ताट. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. इन्सुलिन हे पोटात अन्न येणार या भरवशावर दिलेलं औषध आहे. ते रक्तातली साखर खाली ओढतं. अन्न आलंच नाही तरी ते ओढतच राहतं, माणूस बेशुद्ध होईपर्यंत. म्हणून जेवण गेलं का, हे लिहायचं असतं. दीडच्या सुमाराला मी खाटांवरून एक फेरी मारायची आणि ताटं बघायची. ताट रिकामं असेल तर 'पूर्ण आहार घेतला'. अर्धं उरलं असेल तर 'अर्धा'. सगळ्याच जणी असंच करायच्या. वीस बायकांच्या समोर शेवटच्या घासापर्यंत उभं राहायला कुणाला वेळ आहे?

अकरा नंबरचं ताट नुसतं रिकामं नसायचं, धुतलेलं असायचं. गयाबाई टाचेवर लंगडत ते व्हरांड्यापलीकडच्या नळावर नेऊन घासून आणायच्या. मी म्हणायची, "मावशी, पायावर जोर देऊ नका, गाडीवाले मामा नेतील ताट."

"आपलं उष्टं दुसऱ्यानं का उचलावं?" त्या म्हणायच्या.

मला ते लगेच पटलं. आमच्याकडे बाया असंच वागतात. उलट मी कुलकर्णी बाईंना कौतुकाने समजावून सांगितलं की आमच्या भागात ही रीत आहे. आणि रोज गयाबाईंना म्हणायची, "शाब्बास मावशी! असं जेवलं पाहिजे." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी पावणेदोन वाजले होते. मी टेबलाशी बसून चार्ट लिहीत होते. अकरा नंबरला 'पूर्ण आहार घेतला' लिहून बाराचा कागद ओढला, तेवढ्यात कुलकर्णी बाई ओरडल्या, "सिस्टर! अहो सिस्टर, यांना बघा आधी!"

गयाबाई अर्ध्या उठून बसल्या होत्या. अंगावरचं पातळ घामाने चिंब झालं होतं. डोळे उघडे, पण मी कोण ते कळत नव्हतं. दोन्ही हात हवेत चालत होते. काहीतरी कवळ्यात घेतल्यासारखे, त्यावर गाठ मारल्यासारखे. "मोळी बांदा," त्या म्हणत होत्या. "गाडी आली, मोळी बांदा लवकर." मग हात खाली पडले आणि मान कलली.

ते हात मी ओळखले. माझी आई झोपेतही असे हात हलवते. मी तिथेच थिजले. भिंगारदिवे सिस्टरांनी मला खांद्याने बाजूला सारलं. "बघत काय राहिलीस? साखर बघ!"

बोटाला टोचून थेंब यंत्राला लावला. आकडा आलाच नाही. साखर मोजता येणार नाही इतकी खाली गेली की ते यंत्र आकड्याऐवजी फक्त 'लो' दाखवतं. मी ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सिस्टरांनी शीर शोधली, ग्लुकोजची मोठी सिरिंज हळूहळू ढकलली. मला वाटतं तीन-चार मिनिटं गेली असतील. मग गयाबाईंनी डोळे फिरवले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "का गं? समद्या का जमल्यात?"

डॉक्टर धावत आले. पहिला प्रश्न, "जेवल्या होत्या?"

"हो सर. पूर्ण," मी म्हणाले, आणि चार्ट पुढे केला. शाई अजून ताजी होती.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जेवूनसुद्धा इतकी खाली? मग किडनीत काहीतरी असणार. इन्सुलिन निम्मं करा. किडनीच्या तपासण्या पाठवा. परवाचं ऑपरेशन पुढे ढकला."

ते गेले. मी ग्लुकोजच्या बाटलीचा वेग बघत उभी होते. कुलकर्णी बाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"सिस्टर, एक सांगू? रागावू नका. त्या जेवल्या नव्हत्या."

"आज?"

"अहो, आज काय घेऊन बसलात? त्या दुपारचं जेवतच नाहीत. ताट पदराखाली झाकून बाहेर नेतात आणि रिकामं घेऊन येतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रोज शाब्बास म्हणत होता. मला वाटलं, तुमचं दोघींचं काही ठरलेलं असेल."

मी गयाबाईंच्या खाटेवर जाऊन बसले. खाटेवर बसायचं नाही असा आम्हाला नियम आहे.

"मावशी, खरं सांगा. ताट कुठं जातं?"

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. काका बाहेर नव्हते, तपासणीची चिठ्ठी घेऊन गेले होते. मग त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जणू मी भाजीचा भाव विचारला होता. "मालकाला देती. सुरवातीला फडावरच्या कोपीवरनं, आमच्या खोपटातनं, भाकरी यायची. बुधवारी टोळी दुसऱ्या फडावर गेली, लांब. मंग भाकरी कुठनं येनार? मानूस बाहीर उपाशी बसंल का?"

"आणि ते घेतात?"

"त्येंला काय म्हाईत! मी सांगितलं, हितं बायकांला दोन ताटं देत्यात. एक आजाराचं आन् एक आंगात ताकद यायला. त्यो म्हनला, मर्दा, लई सुदारलं की सरकार!" त्यांना आठवून हसू आलं. अंगातला कंप अजून गेला नव्हता, तरी हसू आलं.

"तुम्ही काय खात होता?"

"सांजच्याला निम्मं खात हुती. सकाळचं उपीट हाय, च्या हाय. आज उपीट बी त्येंलाच दिलं. काल रातच्याला मार्केट यार्डात हमालीला गेल्ते, लई दमल्ते."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. मी पाच दिवस त्यांच्या दंडात इन्सुलिन टोचलं होतं आणि पाच दिवस शाब्बास म्हटलं होतं. साखर खाली येत होती तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, औषध छान लागू पडलंय.

"मावशी, मला का नाही सांगितलं? मी तुमच्यातलीच ना?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुला? तूच त्या चार नंबरच्या बाईच्या पोराला बोललीस न्हवं? त्यो आईच्या ताटातलं खात हुता तवा. म्हनलीस, हे पेशंटचं हाय, पुन्यांदा दिसलं तर ताट बंद करीन. मला वाटलं, तू लई कडक हायेस."

मी बोलले होते. इनचार्ज शेजारी उभ्या होत्या म्हणून जरा जोरातच बोलले होते. ताट बंद करायचा मला काही अधिकारही नव्हता. विसरूनही गेले होते. ज्यांच्यासाठी ते बोलले नव्हतेच, त्यांनी ते ऐकून मनात धरलं होतं.

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "मालकाला सांगू नगं लेकी. डाक्टरला सांगितलंस तर त्यो मालकाला बोलंल. माजं काय बी होऊ दे. त्येंला कळलं तर त्येंच्या गळ्याखाली पुन्यांदा घास उतरायचा न्हाई."

मी म्हणाले, "बघते." हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ड्यूटी संपली, मी खोलीवर आले. सोबतच्या मुलींनी काय झालं विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला फक्त गयाबाईंची काळजी नव्हती. नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिले होते. चार्टवर खोटं लिहिलं म्हणून काढून टाकतील, मग गावात काय तोंड दाखवू, हेच डोक्यात फिरत होतं. आणि त्याच वेळी इन्सुलिन निम्मं झालेलं होतं, आजार नसलेल्या किडनीच्या तपासण्या चालू होत्या आणि बोटाचा काळेपणा वर सरकत होता.

सकाळी साखर भरपूर चढलेली निघाली. पट्टी सोडली तर वास आला. काळी कड कालच्यापेक्षा नखभर पुढे होती. राउंडला डॉक्टर अकरा नंबरपाशी उभे राहिले, सोबत भिंगारदिवे सिस्टर, दोन शिकाऊ मुली. खाटेच्या पायथ्याशी काका, टोपी हातात घेऊन.

"रिपोर्ट येईपर्यंत डोस वाढवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन दिवस थांबू."

दोन-तीन दिवसांत पाऊल जाणार होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बोलून गेले. एका दमात.

"सर, त्यांना किडनीचं काही नाही. त्या जेवतच नव्हत्या. ताट मालकांना देत होत्या. मी बघितलं नाही, रिकामं ताट बघून लिहिलं. माझी चूक आहे सर."

डॉक्टरांनी चार्टवरून मान वर केली. मग काका हसले. खरोखर हसले. "न्हाई वो बाई, काय तरी घोटाळा हाय तुमचा. हितं दोन ताटं येत्यात. एक हिचं, आन् एक ते ताकदीचं..." त्यांनी गयाबाईंकडे पाहिलं. गयाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "गया? आगं, सांग की ह्यांला. दोन येत्यात न्हवं?"

त्या वळल्या नाहीत.

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर न घालताच ते वॉर्डाबाहेर निघून गेले. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मरणं पाहिली आहेत. तरी हे वेगळं होतं.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं फिरवलं. इन्सुलिन पूर्ववत, समोर बसवून जेवण, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. मला म्हणाले, "नंतर भेटा."

त्यांच्याआधी भिंगारदिवे सिस्टर भेटल्या. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"खरं बोललीस ते बरं केलंस. पाय वाचेल बाईचा. पण खरं बोलायला तुला तीच जागा सापडली? ही माझी खोली दहा पावलांवर आहे. दाराला कडीसुद्धा आहे."

"सिस्टर, मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर पुन्हा धीर होणार नाही."

"म्हणजे तुझा जीव हलका व्हावा म्हणून बोललीस. तो हलका केलास, पण त्या माणसाच्या डोक्यावर." त्यांनी रजिस्टर उघडलं. "जा आता. लेखी खुलासा लिहून आण. आणि रडायचं असेल तर लिहून झाल्यावर रड. शाई पसरते."

मला मेमो मिळाला. आमच्या घराण्यातल्या पहिल्या नोकरीचा पहिला मेमो. नोकरी गेली नाही.

काका संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. गयाबाई दाराकडे बघत होत्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाचच्या सुमाराला ते आले, हातात कागदात गुंडाळलेली केळी घेऊन. साखरेच्या पेशंटला केळी चालत नाहीत हे मी सांगायला गेले नाही. त्यांनी ती खाटेच्या कडेला ठेवली आणि ती तिथेच राहिली.

ऑपरेशन झालं. एकच बोट गेलं, पाऊल वाचलं. जेवणाचा बंदोबस्त भिंगारदिवे सिस्टरांनी केला. स्वयंपाकघरातल्या मामांना त्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं, "अकरा नंबरला भात फार लागतो. डबल वाढत जा." कुलकर्णी बाईंच्या घरून येणाऱ्या डब्यात दोन पोळ्या जास्त यायला लागल्या. "माझ्या सुनेला अंदाजच नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. काकांना आता जेवणाच्या वेळी आत बसायची परवानगी होती. ते खाटेसमोर स्टुलावर बसायचे आणि बायको जेवताना तिच्या हाताकडे बघत राहायचे. शेवटचा घास गेल्यावर व्हरांड्यात जाऊन आपलं खायचे. सुरुवातीचे दोन दिवस तेही नाही, "भूकच न्हाई" म्हणायचे. खिडकीतली चेष्टा बंद झाली. दोघं बोलतच नव्हती. मीही स्टुलामागे उभी राहायची, शेवटच्या घासापर्यंत. आम्ही दोघं मिळून एका बाईला जेवताना बघत होतो. त्यांना ते कसं वाटत असेल, याचा विचार मी करायचं टाळत होते.

घरी सोडायच्या दिवशी मी शेवटची पट्टी केली. इन्सुलिन कसं टोचायचं, पाय रोज कसा बघायचा, कोणती चप्पल घालायची, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. त्यांच्यासमोर बोलायला नको होतं."

"पाय वाचवलास," त्या म्हणाल्या. "उपकार हायेत तुजे, न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी पिशवीचे बंद बांधले. "पर आता जेवाया बसलं की त्यो माज्या हाताकडं बगतो. आता जलमभर बगंल. पाय गेला आस्ता तर परवडलं आस्तं गं."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. त्यामुळेच मला जास्त धक्का बसला. पाय वाचवला या एका गोष्टीवर मी तितके दिवस तग धरून होते.

काकांनी त्यांना रिक्षापर्यंत नेलं, आत बसवलं. मग काहीतरी राहिल्यासारखे परत आले. मी पायऱ्यांवर एकटीच होते.

"बाई, एक इचारू का?" त्यांची नजर माझ्यावर नव्हती. "ती उपाशी किती दिस हुती? म्या इचारलं तर सांगत न्हाई. आन् म्हनती, तुमचं पोट भरलं न्हवं, मंग मोजता कशाला."

रिक्षातून गयाबाई आमच्याकडे बघत होत्या. इतक्या लांबून त्यांना ऐकू येत नव्हतं.

"दोन," मी म्हणाले. "दोनच दिवस. आणि तेही दुपारचंच फक्त."

त्यांनी मान वर केली. "दोनच?"

"दोनच."

"दोन दिस तर आमी फडात बी काडल्यात," ते म्हणाले. "पाऊस लागला हुता तवा. दोघांनी बी." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली. "दोन दिसाचं काय येवढं."

ते रिक्षाकडे गेले. बसता बसता काहीतरी बोलले असावेत, कारण गयाबाईंनी पदराचा शेव त्यांच्या खांद्यावर मारला. रिक्षा फाटकातून बाहेर वळली. मी वर आले. अकरा नंबरवर नवी पेशंट आली होती, आणि साडेबारा वाजत आले होते.